वाचायचे काय, हे ठरवायचे कोणी?

(विहाराच्या वर्धापनदिन समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला होता 'मोबाईल आणि आपली मुले'. हा विषय आता फार झाला. दर वर्धापनदिनाला कोणी तरी उठतो, मोबाईलला चार शब्द सुनावतो, टाळ्या घेतो आणि व्यासपीठावरून खाली उतरताच खिशातून मोबाईल काढून बघत बसतो. (हशा.) म्हणून समितीच्या परवानगीने आम्ही विषय थोडा आवळून घेतला आहे. मोबाईल चांगला की वाईट, हा वाद आम्हाला घालायचा नाही. तो घराघरांत आलेला आहे. आमचा प्रश्न एवढाच, की त्या मोबाईलवर जे वाचायला, ऐकायला आपल्यापुढे येते ते निवडलेले कोणी असते? एखादा चांगला लेख, एखादे व्याख्यान, एखादी कामाची सूचना आपल्यापर्यंत पोचते ती कोणत्या वाटेने?

वाटा मुख्यतः दोन आहेत. पहिली समाजमाध्यमांची, म्हणजे फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांची. ती तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दुसऱ्या वाटेचे नाव आहे आर.एस.एस. आता हे नाव विहारात उच्चारल्याबरोबर समोरच्या रांगेतील ज्येष्ठांनी मान वर केली, ते आमच्या लक्षात आले. (हशा.) घाबरू नका. अक्षरे तीच असली तरी ही ती संघटना नव्हे. ही इंटरनेटवरची एक साधी सोय आहे. तिचे इंग्रजी नाव रिअली सिंपल सिंडिकेशन, म्हणजे अगदी सोपी वितरणाची पद्धत. गैरसमज नको म्हणून आपण तिला आज नुसते 'फीड' म्हणू.

पण फीडकडे जाण्याआधी थोडे मागे जाऊ. कारण वाचायला काय मिळावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न आपल्या समाजाला मोबाईलने घातलेला नाही. तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपयांची मदत केली. त्या वेळी 'केसरी'ने मूकनायकची जाहिरात छापायचे नाकारले, तेही पैसे देऊ केले असताना. लक्षात घ्या, बातमी नव्हे, अग्रलेख नव्हे, पैसे घेऊन छापायची जाहिरात! म्हणजे असे एक पत्र निघत आहे हे लोकांना कळण्याची वाटसुद्धा दुसऱ्याच्या हातात होती. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत'. ही नावे आपल्या मुलांना सामान्यज्ञान स्पर्धेसाठी पाठ असतात, तारखांसकट. पण एवढा मोठा विद्वान, बॅरिस्टर माणूस, हाताशी पैसा नसताना, वर्गणीदार वेळेवर पैसे देत नसताना पुन्हा पुन्हा नवे पत्र का काढत होता, हे आपण मुलांना सांगतो का? छापखाना ज्याच्या हाती, तोच समाजाने काय वाचायचे ते ठरवतो, हे त्यांनी ओळखले होते म्हणून.

आता त्या काळी पत्र वाचले कसे जाई ते बघा. जुनी माणसे सांगत, की वस्तीत 'जनता'चा अंक आला की ज्याला वाचता येई तो दिव्याखाली बसे आणि बाकीचे भोवती. एक वाचणार, दहा-वीस ऐकणार, मग त्यावर बोलणे. म्हणजे इथे दोन कामे होती आणि दोन्ही वेगळी होती. अंक यायचा वर्गणीने. त्यावर संपादकाचे नाव छापलेले, तारीख छापलेली, सर्वांना सारखाच अंक. वाचला जायचा मात्र माणसांत बसून. निवड एका ठिकाणी आणि बोलणे-चालणे दुसऱ्या ठिकाणी. आमचे आजचे म्हणणे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे, तेव्हा ती ध्यानात ठेवा. समाजमाध्यमांनी ही दोन कामे एकत्र कालवली. आपण कोणाशी बोलतो, कशावर चिडतो, कुठे थबकतो ते बघून तेच यंत्र आपण काय वाचायचे ते ठरवू लागले.

सहा डिसेंबरला आपण दादरला जातो. चैत्यभूमीवर अभिवादन करून शिवाजी पार्कवर येतो. तिथे पुस्तकांचे स्टॉल. आपण एखादे पुस्तक शोधायला जातो आणि हातात चार वेगळीच घेऊन परततो. ज्याचे नावही ऐकले नव्हते असा लेखक तिथे भेटतो. खेड्यातून आलेली, कधी शाळेत न गेलेली माउली नातवासाठी पुस्तक विकत घेते. असे दृश्य दुसऱ्या कोणत्या मेळ्यात दिसेल? आता कल्पना करा, की तुम्ही मैदानात शिरताक्षणी कोणी तरी तुमचा चेहरा बघून सगळे स्टॉल हलवले. मागच्या वर्षी तुम्ही कोणत्या पुस्तकापाशी जास्त वेळ थांबला होता ते त्याला माहीत. तुमच्यापुढे तसलीच पुस्तके, तुमच्या शेजाऱ्यापुढे दुसरी. तुम्ही दोघे एकाच मैदानात फिरता, पण तुमची मैदाने वेगळी. आणि हलवणाऱ्याला पुस्तके विकायची नाहीतच, त्याला तुम्ही मैदानात जास्तीत जास्त वेळ फिरत राहायला हवे आहात, कारण मधल्या प्रत्येक खांबावर त्याने जाहिरात लावली आहे. फेसबुकचे पान असे चालते.

हे आम्ही कल्पनेने बोलत नाही. फेसबुक सुरू झाले २००४ मध्ये. सप्टेंबर २००६ मध्ये त्यांनी 'न्यूज फीड' आणले, म्हणजे मित्रांचे सगळे एका पानावर दिसू लागले. (नावात फीड असले तरी आपण ज्या फीडबद्दल बोलणार आहोत ते हे नव्हे.) पुढे त्या पानावर वर काय आणि खाली काय हे गणिताने ठरू लागले. त्या गणिताला अल्गोरिदम म्हणतात. २०१६ मध्ये लाइकच्या अंगठ्याबरोबर हसरा, रडका, रागीट असे चेहरे आले. २०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगन या त्यांच्याच माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रे जगापुढे ठेवली. त्यांवरून कळले, की २०१७ पासून या चेहऱ्यांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले जात होते. म्हणजे तुम्ही एखाद्या मजकुरावर चिडून लाल तोंड दाबले, तर 'बरे लिहिले' म्हणून दाबलेल्या पाच अंगठ्यांइतके ते मोजले जाई आणि तो मजकूर आणखी लोकांपुढे जाई. रागीट चेहऱ्याचे वजन त्यांनी पुढे २०२० मध्ये शून्यावर आणले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मधली तीन वर्षे जगभर जे व्हायचे ते झालेच.

ट्विटर, ज्याचे २०२३ मध्ये एक्स असे नामांतर झाले, तेही आधी आलेल्या क्रमाने मजकूर दाखवी. २०१६ पासून तेही गणितावर गेले. इन्स्टाग्रामही त्याच वर्षी.

आता फीड म्हणजे काय ते सांगतो. वह्या काढू नका, फार सोपे आहे. एखाद्या संकेतस्थळावर नवा लेख आला, की ते संकेतस्थळ आपल्याच आवारात एक छोटी यादी ठेवते: लेखाचे नाव, तारीख, दोन ओळींचा सारांश आणि लेखाचा पत्ता. बस. आपल्या मोबाईलवर 'फीड रीडर' नावाचे एक ॲप घ्यायचे. फीडली, इनोरीडर अशी अनेक आहेत आणि साध्या वापरासाठी पैसे पडत नाहीत. त्या ॲपमध्ये आपल्याला आवडणाऱ्या संकेतस्थळांचे पत्ते टाकायचे. ते ॲप अधूनमधून त्या सगळ्या याद्या बघून येते आणि नवीन काही असले की आपल्यापुढे ठेवते. नवे वर, जुने खाली. तुम्ही कोण, तुमची जात कोणती, तुम्ही काल कशावर चिडला होता, याच्याशी त्या यादीला कर्तव्य नाही. ज्याने ज्याने पत्ता टाकला त्या प्रत्येकाला तीच यादी. वर्गणीचा अंक पोस्टाने घरी यावा तसेच हे, फक्त पोस्टमन आपण नेमलेला.

ही सोय १९९९ च्या मार्च महिन्यात नेटस्केप या अमेरिकन कंपनीने प्रथम आणली. ती तयार करणाऱ्यांत एक होते रामनाथन गुहा, आपल्या आय.आय.टी. मद्रासमधून शिकून गेलेले. डिसेंबर २००० मध्ये तिचा पुढचा आराखडा प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्यांच्या गटात ॲरन स्वार्ट्झ नावाचा मुलगा होता, वय वर्षे १४! अभ्यासिकेतल्या मुलांनो, आठवी-नववीतला मुलगा. हाच मुलगा मोठेपणी ज्ञान सर्वांना खुले असावे म्हणून झगडला. शोधनिबंधांच्या एका मोठ्या साठ्यातून लाखो निबंध उतरवून घेतले म्हणून अमेरिकेत त्याच्यावर खटला भरला गेला आणि तो चालू असतानाच, जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी त्याने आपले जीवन संपवले. विद्येची दारे कोणासाठी बंद असतात आणि ती ठोठावणाऱ्याचे काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच २०१३ साली फीडला मोठा धक्का बसला. गूगलचे 'गूगल रीडर' हे ॲप २००५ पासून फार लोकप्रिय होते. वापर कमी झाला असे कारण देऊन गूगलने ते १ जुलै २०१३ रोजी बंद केले. ट्विटरनेही त्याच वर्षी आपली फीडची सोय काढून घेतली. तेव्हापासून अनेकांनी लिहून टाकले, की फीड संपले. ते खरे नाही. आज मुले जे पॉडकास्ट ऐकतात ते याच पद्धतीवर चालतात. यूट्यूबच्या चॅनेललाही असे फीड असते. वर्डप्रेस नावाच्या व्यवस्थेवर चालणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांना ते आपोआप असते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयालाही आहे. फक्त त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यातून कोणाला फारसे पैसे मिळत नाहीत.

आता कोणी म्हणेल, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲप टाकून द्यायचे का? तसे आम्ही म्हणणार नाही आणि जो म्हणेल त्याला आपल्या समाजाची स्थिती माहीत नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याचे शेवटचे पत्र देशभर पोचले ते तरुणांच्या मोबाईलवरून. त्याच वर्षी ११ जुलैला गुजरातमध्ये उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारले. ती चित्रफीत लोकांनी एकमेकांना पाठवली नसती, तर ती बातमी कोणत्या पानाच्या कोणत्या कोपऱ्यात गेली असती? फीडने हे झाले नसते. फीडला आधी पत्ता माहीत असावा लागतो आणि उना या गावाचा पत्ता त्या दिवशीपर्यंत आपल्यापैकी कोणाजवळ होता? जे आहे हेच आपल्याला माहीत नाही, ते फीड आणून देऊ शकत नाही. माणसे आणून देतात. हा फीडचा मोठा उणेपणा आहे.

पण माणसे काय काय आणून देतात तेही बघू.

१ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा गाव. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारी भटकी माणसे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून सगळीकडे फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. संदेश लिहिणारा कोण, कधी लिहिला, कोणत्या गावाबद्दल, काही पत्ता नाही. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो काळजीपोटीच पाठवला असणार, 'आपल्या मुलांना सांभाळा' म्हणून. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी. मर्यादा चांगलीच आहे, पण एकेक करून पुढे पाठवणाऱ्याचा अंगठा काही कोणी धरत नाही.

कालाम सुत्त इथे सर्वांना माहीत आहे. केसपुत्त नगरीच्या कालामांनी तथागतांना विचारले, की येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे सांगतो, आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? ऐकीव आहे म्हणून नको, परंपरेने आले म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, सांगणारा भारदस्त आहे म्हणून नको, आपला गुरू आहे म्हणूनही नको, असा त्या उत्तराचा आशय. आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो आणि 'बुद्धांनी प्रश्न विचारायला शिकवले' म्हणून टाळ्या वाजवतो. पण पुढचा भाग जास्त कष्टाचा आहे. ही गोष्ट अंगीकारली तर माझे आणि इतरांचे हित होईल की अहित, लोभ-द्वेष वाढेल की कमी होईल, हे स्वतः पारखायचे. राईनपाड्याचा संदेश या एकाच कसोटीवर घासून बघितला असता, तर कितीतरी अंगठे थांबले असते. आणि हो, फीडमधून आलेला लेखही याच कसोटीवर घासायचा. रांगेत शिस्तीने आला म्हणून तो खरा होत नाही.

आपल्या घरातलेच दुसरे उदाहरण घ्या. बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली एखादे जोरदार वाक्य. रोज सकाळी अशी चार तरी वाक्ये आपल्या ग्रुपवर येतात. त्यांतली कितीतरी बाबासाहेबांनी कधी लिहिलेली वा बोललेली नाहीत. कोणी तरी आपल्या मनचे वाक्य त्यांच्या तोंडी घालते आणि आपण भक्तिभावाने पुढे पाठवतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले आहेत, ते सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलींनी एक युक्ती काढली आहे. असा संदेश आला, की त्या नम्रपणे एवढेच विचारतात, 'काका, जयभीम. खंड कोणता, पान कितवे?' काही काका रागावून ग्रुप सोडून गेले. (हशा.) पण दोन काकांनी खरेच खंड उघडले, आणि त्यांतले एक आता रोज अभ्यासिकेत येऊन बसतात.

मघाशी कामाची सूचना म्हणालो, त्याबद्दल एक सांगतो. आपल्याच वस्तीतल्या एका मुलीची ही गोष्ट आहे. तिचे नाव घेत नाही. बारावीनंतर बाहेरगावी शिकायला गेली. वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही. अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी पैसे मिळावेत म्हणून शासनाची स्वाधार योजना आहे. तिने कागदपत्रे जमवायला घेतली. उत्पन्नाचा दाखला यायला उशीर होत होता. तेवढ्यात ग्रुपवर संदेश आला, 'मुदत वाढली, सर्व बांधवांना कळवा.' घरचे निर्धास्त झाले. दाखला आला, ती अर्ज भरायला गेली, तेव्हा कळले की मुदत केव्हाच संपली. तो संदेश आदल्या वर्षीचा होता. त्यात दिवस होता, महिना होता, वर्ष नव्हते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता हो! पण त्या वर्षीचे तिचे राहण्याचे पैसे गेले आणि तिच्या आईने आणखी दोन घरची कामे धरली.

फीडमधल्या नोंदीला तारीख असते, वर्ष असते, आणि ती कोणत्या संकेतस्थळावरून आली त्याचा पत्ता असतो. एवढी साधी गोष्ट. पण यातही अडचण आहे, ती लपवून चालणार नाही: ज्या सरकारी पानांवर आपल्या कामाच्या सूचना लागतात, त्यांतल्या कितीतरी पानांना फीडची सोयच नसते. तिथे माणसानेच जाऊन बघावे लागते. म्हणून अभ्यासिकेत आता आळीपाळीने एक जण दर सोमवारी शिष्यवृत्ती आणि स्वाधारची मूळ पाने उघडून बघतो आणि फळ्यावर लिहितो, वर्षासकट. ग्रुपवर फळ्याचा फोटो जातो. निवड आपली, वाटप ग्रुपचे. दिव्याखाली 'जनता' वाचण्यात आणि यात आम्हाला तरी फरक दिसत नाही.

आता फीड वापरायचे ठरवले तर दोन-तीन अनुभवाच्या गोष्टी. नवशिक्या माणूस उत्साहाने आधी मोठी वर्तमानपत्रे घालतो. मोठे वर्तमानपत्र दिवसाला शेकड्यांनी मजकूर टाकते. आठ दिवसांत ॲपवर 'न वाचलेले १०००' असा आकडा दिसतो, माणूस घाबरतो आणि सगळे काढून टाकतो. फीड त्यासाठी नाही. वर्तमानपत्र वर्तमानपत्रासारखे वाचावे. जो वर्षातून तीन-चारदाच लिहितो पण मन लावून लिहितो, त्याच्यासाठी फीड. पाली वाङ्मयावर लिहिणारा एखादा अभ्यासक, लेण्यांचे शिलालेख वाचणारा एखादा संशोधक, कायद्यावर लिहिणारी एखादी वकील भगिनी. अशी माणसे समाजमाध्यमांच्या गर्दीत बुडून जातात, कारण ती रोज बोलत नाहीत आणि कोणाला चिडवत नाहीत. सहा महिने गप्प असलेल्या माणसाने सातव्या महिन्यात लिहिले, तरी फीड ते न विसरता आपल्यापुढे ठेवते.

दहा-पंधरा पत्त्यांपेक्षा जास्त घालू नका. महिनाभर ज्याचे काही वाचले नाही तो पत्ता काढून टाका, त्याला वाईट वाटणार नाही, त्याला कळतही नाही. साचलेले सगळे 'वाचले' म्हणून टिकून टाकायचे एक बटण असते, ते खुशाल दाबा. आणि नवीन कसे सापडणार, असे विचाराल, तर चांगला लेखक दुसऱ्या चांगल्या लेखकाचा उल्लेख करतोच. त्या उल्लेखावरून पुढे जायचे. एका भिक्खूने दुसऱ्या विहाराची वाट दाखवावी तसे. फेसबुकवर एखादे चांगले नाव दिसले तर ते तिथेच सोडू नका; त्या माणसाचे स्वतःचे संकेतस्थळ किंवा चॅनेल आहे का बघा आणि त्याचा पत्ता आपल्या यादीत घ्या. नाव कळायला नाका चांगला, नाक्यावर वाचत बसता येत नाही.

मराठीत अशी संकेतस्थळे कमी आहेत, ही आमची खरी खंत आहे. आपली तरुण मुले उत्तम लिहितात, पण सगळे फेसबुकवर लिहितात. आज लिहिलेले परवा कोणाला शोधूनही सापडत नाही. वस्तीतल्या एका तरुणाने आपल्या आजोबांच्या धर्मांतराच्या आठवणी तिथे तुकड्यातुकड्यांनी लिहिल्या होत्या. १९५६ साली ते आजोबा नागपूरला पायी गेले होते. एक दिवस त्याचे खातेच बंद झाले, तक्रारीला उत्तर नाही, आणि आजोबांच्या आठवणीही गेल्या. आजोबा आता हयात नाहीत. 'मूकनायक'चे अंक शंभर वर्षांनी आपल्याला वाचायला मिळतात, कारण कोणी तरी ते जपून ठेवले. आपल्या मुलांचे लिहिणे कोण जपतो आहे? विहाराचे स्वतःचे छोटे संकेतस्थळ असावे आणि त्यावर मुलांनी लिहावे, असा प्रस्ताव समितीपुढे ठेवलाच आहे. खर्च फार नाही. वर्षाकाठी एका मध्यम मंडपाच्या भाड्याहून कमी येईल. अध्यक्ष मान हलवत आहेत, ती होकाराची आहे असे आम्ही धरून चालतो. (हशा.)

वर्षावासात आपण रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन करतो. आषाढ पौर्णिमेला सुरू करतो, आश्विन पौर्णिमेपर्यंत चालवतो. पहिल्या पानापासून क्रमाने. आज कोणाला कोणते प्रकरण आवडेल, कोणत्या प्रकरणावर जास्त टाळ्या पडतील, असे बघून आपण पाने उलटत नाही. कंटाळवाणे वाटणारे पानही वाचतो, आणि कित्येकदा त्याच पानावर एखादी आजी असा प्रश्न विचारते, की वाचणारा गप्प होतो. या ग्रंथवाचनाला जोडून येत्या वर्षावासापासून दर रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे मागून घेतली आहेत. त्या आठवड्यात ज्याने फीडमधून काही चांगले वाचले असेल त्याने ते मोबाईल खिशात ठेवून, तोंडी सांगायचे. लेखकाचे नाव आणि तारीख सांगायची. ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे.

अभ्यासिकेच्या दारापाशी फळ्याशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवली आहे. ज्यांना वाचण्यासारख्या संकेतस्थळाचे वा चॅनेलचे नाव सुचवायचे असेल त्यांनी तिच्यात लिहावे. मात्र शेजारी आपण स्वतः त्यावरचे किती लेख पूर्ण वाचले तेही लिहावे, नुसते कोणाकडून आलेले नाव नको. ज्यांना मोबाईलवर ॲप बसवून हवे असेल त्यांच्यासाठी तीन मुली आणि दोन मुलगे समारंभानंतर तिथेच बसणार आहेत. चष्मा घरी विसरलेल्यांनी संकोच करू नये, मुले अक्षरे मोठी करून देतात.

महिला मंडळाकडून खीर तयार असल्याची खूण होत आहे, तेव्हा आम्ही इथेच थांबतो. जयभीम.